"काही नाही, मारा फॉरमॅट!"

दिवाळीच्या आधी दोन दिवस माहेरी लातूरला गेले होते. नांदेडहून लोहा, अहमदपूर करत एसटीनं पोचेपर्यंत दुपार झाली. बघते तर आईनं माळ्यावरचं सगळं सामान अंगणात काढलेलं. पितळी घंगाळ, मोडका पाळणा, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या आणि त्या सगळ्याच्या मध्ये बाबांचा जुना कॉम्प्युटर! मॉनिटर केव्हाच गेला होता. उरला होता तो नुसता सीपीयूचा डबा, आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवलेला.

"ताई, भंगारवाला यायलाय चार वाजता," भाऊ म्हणाला. "देऊन टाकू की. नाहीतर दुकानात टाकतो. फॉरमॅट मारून दिला तर कुणा पोराच्या कामाला येईल."

"पण त्यात आहे काय काय?" मी विचारलं.

भावानं मान हलवली. वहिनी म्हणाली, "मी तर त्याला कधी हातच लावला नाही बाई." आई म्हणाली, "तुझे बाबा रोज रात्री जेवण झालं की त्याच्यावर काहीतरी टाइप करत बसायचे. काय ते त्यांनाच माहीत."

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. घरात आम्ही चार माणसं, आणि त्या डब्यात काय आहे हे एकालाही सांगता येईना. पण तो पुसून टाकायचा निर्णय मात्र हातातला चहा गार व्हायच्या आत झाला होता!

मैत्रिणींनो, आज मला एवढंच म्हणायचंय. जुन्या हार्डडिस्कची आवराआवर करणं, तिची पार्टिशनं बघणं, काय ठेवायचं आणि काय पुसायचं हे ठरवणं, हे काम घरातल्या बाईनं स्वतः शिकून घ्यावं. यंत्राची हौस म्हणून नाही. घराच्या आठवणी कुणाच्या हातात राहणार, याचा तो प्रश्न आहे म्हणून.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. २००९ सालची गोष्ट. ते लोडशेडिंगचे दिवस. वीज कधी जाईल, कधी येईल याचा नेम नसायचा. चालू कॉम्प्युटर असा पाच-पन्नास वेळा मध्येच बंद पडल्यावर एके दिवशी तो सुरूच होईना. निळा पडदा यायचा आणि पुन्हा सगळं काळं. मिस्टरांनी डबा उचलून दुकानात नेला. तिथल्या पोरानं रीतसर विचारलं, "साहेब, डाटा पाहिजे का?" मिस्टर म्हणाले, "डी ड्राइव्हमधलं राहू द्या. सीमध्ये काही नाही, मारा फॉरमॅट!"

डी ड्राइव्हमधलं सगळं जसंच्या तसं परत आलं. गाणी, सिनेमे, मिस्टरांच्या ऑफिसच्या फाइली, सगळं. आले नाहीत ते माझे फोटो. लेकीच्या बारशापासूनचे. २००८ साली गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला आमचं नांदेड सजलं होतं, तेव्हा तिला कडेवर घेऊन सचखंड गुरुद्वाऱ्यासमोर काढलेले. ते मी हौसेनं डेस्कटॉपवर ठेवले होते, कॉम्प्युटर लावला की समोर दिसावेत म्हणून. आणि डेस्कटॉपवर जे दिसतं ते खरं तर सी ड्राइव्हमध्ये राहतं. 'माय डॉक्युमेंट्स'सुद्धा तिथंच. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मिस्टरांनाही नव्हतं.

यात त्या पोराला काय दोष द्यायचा? त्यानं विचारलं होतं. मिस्टरांनीही मुद्दाम काही केलं नाही. घोळ एवढाच झाला, की ज्याला विचारलं त्याला माहीत नव्हतं आणि जिला माहीत होतं तिला कुणी विचारलं नाही.

खरं सांगू का, आपल्यातल्या कितीतरी जणींनी कॉम्प्युटर शिकून घेतलेला आहे. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशननं एमएस-सीआयटी सुरू केलं आणि बघता बघता गावोगावी त्याचे क्लास निघाले. संसाराचं आवरून, डबे करून, सकाळच्या बॅचला पदर खोचून बसणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्यांतलीच मीही एक. सर्टिफिकेट आलं, लॅमिनेट झालं आणि कपाटात गेलं. घरी कॉम्प्युटर आला तो मात्र 'मुलांसाठी' आला. माऊस आपल्या हातून सुटला तो सुटलाच. त्यात आपण 'मला बाई त्यातलं काही कळत नाही' असं म्हणायची सवय लावून घेतली. डब्यातलं तूप कुठपर्यंत आलंय हे न बघता सांगणाऱ्या बाईला सी, डी, ई, एफ कळत नाही, हे मला पटत नाही!

म्हणून आधी हे पार्टिशन म्हणजे काय ते आपल्या भाषेत समजून घेऊ.

समजा, एकच वावर आहे. त्याचे बांध घालून तीन तुकडे केले. जमीन तीच, फक्त हद्दी पडल्या आणि सातबारे वेगळे झाले. हार्डडिस्कचं तसंच. आत तबकडी एकच, पण तिच्या वाटण्या करून प्रत्येकीला अक्षर दिलेलं असतं. सुरुवात सीपासून का? तर ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखलेली होती. फ्लॉपी गेल्या, पण त्यांची जागा अजून कुणी घेतली नाही! सीमध्ये विंडोज राहतं, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा कारभारी. विंडोज बिघडलं तर तेवढं सी पुसून नवं घालता यावं आणि बाकीचं सामान वाचावं, म्हणून डी आणि ई वेगळे पाडायची पद्धत पडली. पद्धत चांगली आहे. पण सामान डीमध्ये ठेवलं असेल तरच तिचा उपयोग.

कुठल्या ड्राइव्हला किती जागा द्यायची याचा हिशेब मात्र वीस वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा ४० किंवा ८० जीबीची डिस्क म्हणजे चैन वाटायची. जगातली पहिली हार्डडिस्क आयबीएमनं १९५६ मध्ये आणली, तिच्यात ५० तबकड्या होत्या आणि जागा होती जेमतेम ५ एमबी. आज मोबाइलवर काढलेले एक-दोन फोटो म्हणजे तेवढं! जुन्या डब्यांत सीला १५-२० जीबी देऊन बाकीचं डी, ई, एफमध्ये वाटलेलं असायचं. मग विंडोज फुगत जातं, सी लाल होतो, 'जागा संपली' म्हणून ओरडतो आणि शेजारी ई रिकामा पडलेला असतो. आपल्याला वाटतं कॉम्प्युटर म्हातारा झाला. कधी कधी नुसता बांध सरकवायची गरज असते.

आणखी एक शंका मला पुष्कळ जणी विचारतात. "८० जीबीची डिस्क म्हणून घेतली, दिसते ७४.५. दुकानदारानं फसवलं का?" नाही. डिस्क बनवणारी कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत. माप वेगळं, डिस्क तीच.

आता या वाटणीतली सगळ्यात मोठी फसगत सांगते. "माझे फोटो डीमध्ये आहेत आणि त्यांची कॉपी ईमध्ये आहे, त्यामुळे मला काळजी नाही," असं माझी एक मैत्रीण म्हणायची. अगं, डी आणि ई या एकाच घरातल्या दोन खोल्या आहेत! घरच बसलं तर दोन्ही खोल्या जातील. आपण लातूरच्या माणसांनी तरी हे कुणाकडून शिकायला नको. खरी कॉपी ती, जी दुसऱ्या डिस्कवर असते आणि जमलं तर दुसऱ्या घरात असते.

आता माहेरच्या त्या डब्याकडे येते. भंगारवाला चार वाजता आला आणि घंगाळ घेऊन गेला. डबा मी ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी तो रिक्षात घालून ओळखीच्या दुकानात नेला. या वेळी मी समोर खुर्ची टाकून बसले. आणि पहिलं वाक्य हे म्हणाले, "भाऊ, काहीही पुसायचं नाही. आधी डिस्क बाहेर काढा आणि माझ्या लॅपटॉपला जोडून दाखवा." जुनी डिस्क यूएसबीला जोडायची केबल मिळते, तिला वेगळा वीजपुरवठा लागतो. इतकी वर्षं पडून असलेला डबा घरी पुन्हा पुन्हा चालू करून बघण्यापेक्षा हे बरं. तिला एकदाच नीट चालवायचं आणि सगळं उतरवून घ्यायचं.

डिस्क जोडली आणि लॅपटॉपवर तीन नवी अक्षरं उमटली. दोन उघडली. तिसऱ्यावर क्लिक केलं तर विंडोजनं विचारलं, ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? मैत्रिणींनो, हा प्रश्न नीट ओळखून ठेवा. आत सामान आहे पण हद्दीचा कागद फाटलाय, तेव्हाही विंडोज हाच प्रश्न विचारतं. तिथं 'कॅन्सल' करायचं. फॉरमॅट कधीही करता येतं, फॉरमॅटच्या मागं येता येत नाही. त्या तिसऱ्या ड्राइव्हमधलं सामान पुढं त्या भावानं दुसऱ्या सॉफ्टवेअरनं काढून दिलं. भाच्यांची गाणी होती नुसती!

डी ड्राइव्हमध्ये 'शाळा' नावाचं फोल्डर होतं. आत बाबांच्या फाइली. एक उघडली तर वर टिंबं दिलेले ए आणि ओ, मध्येच प्रश्नचिन्हं, पानंच्या पानं नुसता गिचमिडा. भाऊ म्हणाला, "ताई, खराब झालं असणार. सोड."

तेवढ्यात मला आठवलं. बाबा श्रीलिपीत टाइप करायचे. तेव्हाच्या मराठी फॉन्टमध्ये अक्षर आपल्याला 'क' दिसलं तरी कॉम्प्युटरच्या लेखी ते दुसरंच कुठलंतरी चिन्ह असायचं. तो फॉन्ट असेल तरच मराठी दिसणार, नसेल तर गिचमिडा. युनिकोड रुळल्यावर हा त्रास संपला, म्हणून आजकालच्या मुलांना तो माहीतही नाही. मग फॉन्ट शोधायचा कुठं? तर त्याच जुन्या डिस्कच्या सीमध्ये, विंडोजच्या आतल्या 'फॉन्ट्स' फोल्डरमध्ये. ज्या सीला आम्ही सगळे 'त्यात काही नाही' म्हणतो, त्या सीमध्ये बाबांच्या डीची किल्ली होती! फॉन्टची फाइल लॅपटॉपवर घेतली, इन्स्टॉल केली, बाबांची फाइल पुन्हा उघडली. आणि पडद्यावर मराठी आली.

बाबा औसा तालुक्यात शिक्षक होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्याच रात्री गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदं, सगळं अंगावर आलं. हजारो माणसं गेली. त्या दिवसांविषयी बाबा घरात फार कधी बोलले नाहीत. पण निवृत्तीनंतर रोज रात्री ते जे टाइप करत होते, ते तेच होतं. हजेरीपटावरच्या ज्या मुलांना पुढं कधी हाक मारावी लागली नाही, त्या एकेका मुलाबद्दल त्यांनी पाच-सहा ओळी लिहिल्या होत्या. कुणाचं अक्षर चांगलं होतं, कोण डब्यात रोज ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी आणायचा, कोण पाढे म्हणताना सतराला अडायची. एकूण बत्तीस पानं. दुसरी प्रत कुठंही नाही. चार वाजताच्या भंगारवाल्यापासून ती वाचली होती.

दुकानात बसून मी रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

आता पुढची आवराआवर कशी केली ते थोडक्यात सांगते, कारण पुष्कळ जणींच्या घरी असा एक डबा नाहीतर जुना लॅपटॉप असणारच.

पहिल्यांदा सगळी डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या मोठ्या डिस्कवर उतरवली. निवडत बसले नाही. निवडायला बसलं की हात चुकतो. मग महत्त्वाचं तेवढं पेनड्राइव्हवर घेऊन नांदेडला माझ्याकडे ठेवलं. म्हणजे दोन गावांत दोन प्रती. बाबांची पानं युनिकोडमध्ये बदलून घेतली. त्यासाठी सोय असते, पण जोडाक्षरं आणि रफार चुकतात, म्हणून जुनं पान समोर ठेवून ओळ न् ओळ तपासली.

मगच वाटण्यांना हात लावला. विंडोजमध्ये 'डिस्क मॅनेजमेंट' म्हणून एक खिडकी असते. 'धिस पीसी'वर उजवं क्लिक करून 'मॅनेज'मध्ये गेलं की ती सापडते. तिथं सगळी डिस्क आडव्या पट्टीसारखी दिसते, कुठला तुकडा किती मोठा ते समोर येतं. नको असलेला तुकडा 'डिलीट व्हॉल्यूम'नं काढता येतो आणि शेजारच्याला 'एक्स्टेंड'नं वाढवता येतं. मात्र रिकामी जागा त्याच्या लगेच उजव्या हाताला असावी लागते. सीच्या शेजारी डी आणि पलीकडे ई असेल, तर ई काढून सी वाढत नाही. मध्ये डीचा बांध येतो. 'रिकव्हरी' किंवा 'सिस्टिम' असं लिहिलेले छोटे तुकडे दिसले तर त्यांना हात लावायचा नाही, ते कॉम्प्युटरच्या स्वतःच्या कामाचे असतात. आणि हे काम चालू असताना वीज जाता कामा नये. यूपीएस नसेल तर लॅपटॉप भरलेला हवा, चार्जर लावलेला हवा.

नुसती जागाच करायची असेल तर 'डिस्क क्लीनअप' चालवावं. रीसायकल बिन, तात्पुरत्या फाइली, विंडोजचं जुनं गाठोडं, यातच पुष्कळ जागा निघते. पण सेटिंग्जमधून तात्पुरत्या फाइली काढताना यादीत 'डाउनलोड्स' असं दिसलं तर तिथली खूण काढा. मुलाची मार्कशीट आणि विम्याचा कागद तिथंच पडलेला असतो!

चुकून भलताच तुकडा डिलीट झाला तर? घाबरू नका, पण तिथंच थांबा. सातबाऱ्यावरची नोंद खोडली म्हणून वावरातलं पीक लगेच जात नाही. नवी नांगरट झाली की जातं. म्हणून त्या डिस्कवर नवीन काहीही टाकू नका आणि जाणत्या माणसाला गाठा. नव्या एसएसडी डिस्कमध्ये मात्र पुसलेलं परत मिळायची आशा फार कमी असते, हेही लक्षात असू द्या.

याच गोष्टीची दुसरी बाजू आपण बायकांनी जास्त ध्यानात ठेवायला हवी. डबा विकताना 'फॉरमॅट मारला' म्हणजे सगळं गेलं असं नाही. पटकन होणारं 'क्विक फॉरमॅट' फक्त नोंद खोडतं, पीक उभंच असतं. घरातल्या समारंभाचे फोटो, आधार कार्डाची, बँकेच्या पासबुकाची कॉपी, सगळं कुणालाही काढता येतं. म्हणून जुनी तबकडीची डिस्क देण्याआधी 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. वेळ लागतो, लागू द्या. किंवा डिस्क काढून स्वतःजवळ ठेवा आणि उरलेला डबा द्या, तोही शक्यतो ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे. विंडोज १० ला मिळणारा कंपनीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे आता कितीतरी घरांत जुनं बदलायच्या गोष्टी चालल्या असतील. म्हणून हे आत्ताच सांगते आहे.

कुणी म्हणेल, "एवढं कशाला? दुकानवाला करून देतो की!" देतो ना, आणि माझ्यापेक्षा चांगलं देतो. मला त्याचा धंदा बुडवायचा नाही. कसं पुसायचं ते त्याला येतं. काय पुसायचं नाही हे त्याला कसं माहीत असणार? ते घरात विचारावं लागतं, आणि घरातल्या त्या बाईलाच विचारावं लागतं जिनं बारशाचे फोटो काढले, जिनं भिशीचा हिशेब मांडला, जिनं सासूच्या तोंडच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड करून कॉम्प्युटरला टाकल्या. आणि कुणी विचारत नसेल तर तिनं आपणहून म्हटलं पाहिजे, "थांबा. आधी मला बघू द्या."

या रविवारी एवढं करा. घरातला कॉम्प्युटर उघडा. आपली महत्त्वाची दहा कामं कुठल्या ड्राइव्हमध्ये आहेत ते वहीत लिहून काढा. डेस्कटॉपवर काही असेल तर ते हलवा. आणि त्याची एक प्रत घराबाहेरच्या कुणा आपल्या माणसाकडे ठेवा. तासाभराचं काम आहे, पापड लाटण्यापेक्षा सोपं.

बाबांची बत्तीस पानं आम्ही छापून आईला दिली. तिची नजर आता अधू झालीय, म्हणून संध्याकाळी वहिनी तिला वाचून दाखवते. रोज एकच पान. परवा फोनवर आई म्हणाली, "अगं, त्या सतराला अडणाऱ्या पोरीला मी पाहिलंय. आपल्या घरी यायची ती, बाबांकडं गणितं विचारायला."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आता तेही वहिनीनं त्या फाइलमध्ये खाली टाइप करून ठेवलंय. स्वतःच्या हातानं.